अपेंडिक्सची स्लाइड कशी वाचावी: बरणीपासून रिपोर्टपर्यंत

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊती मायक्रोस्कोपखाली तपासण्याच्या शाखेत, नव्याने आलेल्या रेसिडेंटच्या ट्रेमध्ये पहिल्याच आठवड्यात अपेंडिक्सची स्लाइड येते. कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयापासून गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूरच्या नर्सिंग होमपर्यंत सगळीकडे ही शस्त्रक्रिया होते, त्यामुळे नमुन्यांना तोटा नसतो. 'सोपी केस आहे, तूच बघ' म्हणून ती नवख्याकडे दिली जाते. देणे बरोबर आहे. सोपी म्हणणे मात्र चुकीचे आहे. एका छोट्या अवयवात श्लेष्मल त्वचा, लसिका ऊती, स्नायू, रक्तवाहिन्या आणि उदरावरण एकाच वेळी बघायला मिळते, आणि त्यातल्या प्रत्येक थरात फसण्याची एकेक जागा आहे.

निदान मात्र एका प्रश्नावर उभे असते: स्नायूथरात, म्हणजे मस्क्युलॅरिस प्रोप्रियात, न्युट्रोफिल (तीव्र दाहात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी) शिरले आहेत का? बाकी सगळे या प्रश्नाच्या आधीचे किंवा नंतरचे काम आहे. पण आधीचे काम बिघडले तर मायक्रोस्कोपखाली कितीही डोळे ताणले तरी उत्तर मिळत नाही. म्हणून सुरुवात बरणीपासून करू.

बरणी हातात आली की

सर्वप्रथम बरणीवरचे नाव, वय आणि नोंदणी क्रमांक फॉर्मशी ताडून घ्या. फॉर्मवर दुखणे किती दिवसांचे, आधी अँटिबायोटिक दिले होते का आणि सर्जनला पोटात काय दिसले हे लिहिलेले असावे. नसेल तर लगेच फोन करून विचारा. दोन दिवस औषध घेतलेल्या रुग्णाचे अपेंडिक्स आणि रात्रीच पोट दुखून सकाळी ऑपरेशन झालेल्याचे अपेंडिक्स काचेवर वेगळे दिसते.

नमुना १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्येच हवा. एक लिटर करायचे तर बाजारात मिळणारे ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्मॅल्डिहाइड द्रावण १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड वॉटर ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे दोन क्षार वगळून नुसते पाणी घातले तर फॉर्मॅलिन हळूहळू आम्लधर्मी होते आणि रक्त साचलेल्या जागी तपकिरी-काळे कण बसतात. सुजलेल्या अपेंडिक्समध्ये रक्त भरपूर असते, त्यामुळे हे फॉर्मॅलिन पिगमेंट तिथेच जास्त दिसते आणि नवख्याला ते जंतू किंवा हिमोसिडरिन (जुन्या रक्तस्रावातले लोहाचे कण) वाटते. द्रावण ऊतीच्या निदान दहापट, जमल्यास वीसपट असावे. बरणी रुंद तोंडाची घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ अपेंडिक्स सहज कोंबले जाते, पण फिक्स होऊन कडक झाल्यावर बाहेर निघत नाही आणि ओढताना त्यावरचा पुवाचा थर खरवडला जातो.

सर्वात मोठे नुकसान होते ते सलाइनमध्ये आलेल्या नमुन्याचे. सलाइनमध्ये ऊती कुजायला लागते, आणि श्लेष्मल त्वचा सर्वात आधी सुटते. मग स्लाइडवर अस्तर गायब दिसते आणि कुणीतरी 'अल्सरेशन' लिहून मोकळे होते. पावसाळ्यात हा धोका वाढतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर आले आणि रस्ता बंद पडला. अशा दिवसांत बरणी तीन-चार दिवस वाटेतच राहू शकते. भरपूर फॉर्मॅलिनमधले अपेंडिक्स नेहमीच्या रंगकामासाठी तरीही चांगले राहते. सलाइनमधले दुसऱ्या दिवशीच वाचण्याच्या पलीकडे जाते. त्यामुळे नमुने पाठवणाऱ्या प्रत्येक ठिकाणच्या ओटी सिस्टरना भरलेल्या फॉर्मॅलिनच्या बरण्या आधीच देऊन ठेवणे हा प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग समजा.

फॉर्मॅलिन ऊतीत फार सावकाश शिरते. सुरुवातीला तासाला जेमतेम एक मिलिमीटर, आणि पुढे त्याहून मंद. टोकापासून बुडापर्यंत बंद असलेल्या, आत पू भरलेल्या अपेंडिक्सच्या मधोमध ते रात्रभरातही पुरेसे पोचत नाही. म्हणून मोजमापे घेऊन झाली की आडवे काप देऊन पुन्हा ताज्या फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर ठेवा. ओटीमध्येच चिरून पाठवायला मात्र सांगू नका. मग छिद्र आजाराचे की कात्रीचे हे कळत नाही.

ग्रॉसिंग

लांबी, सर्वात जाड जागेचा व्यास आणि मेसोअपेंडिक्सची, म्हणजे अपेंडिक्सला धरणाऱ्या चरबीच्या पडद्याची, रुंदी मोजा. निरोगी अपेंडिक्स बहुधा ६ ते १० सेंटिमीटर लांब आणि ६-७ मिलिमीटरपर्यंत जाड असते. बाहेरचा पृष्ठभाग चकचकीत आहे की निस्तेज, रक्तवाहिन्या फुगल्यात का, पिवळट-पांढरा चिकट थर बसलाय का, कुठे काळपट-हिरवट पडलंय का, छिद्र आहे का आणि असल्यास बुडापासून किती अंतरावर, हे सगळे कापण्यापूर्वीच लिहा. कापल्यानंतर आठवून लिहिलेले वर्णन भरवशाचे नसते.

किमान तीन जागांचे बिट, म्हणजे प्रोसेसिंगला जाणारे तुकडे, घ्यायचे. बुडाकडचा सर्जिकल मार्जिन (सर्जनने कापलेली कड) शाई लावून, पातळ चकतीच्या रूपात. मधल्या भागातली सर्वात बिघडलेली जागा आडव्या कापात, उसाच्या गंडेरीसारखी गोल. आणि टोकाचे शेवटचे दोन सेंटिमीटर उभे चिरून दोन्ही अर्धुके. जाडी तीन मिलिमीटरच्या आत ठेवा. जाड बिट कॅसेटच्या झाकणाखाली चेपतो, त्यात अल्कोहोल आणि मेण नीट शिरत नाही आणि मायक्रोटोमवर मधला भाग खड्ड्यासारखा तुटून येतो.

तीन जागा कशासाठी? दाह सगळीकडे सारखा नसतो. फिकोलिथ म्हणजे वाळलेल्या विष्ठेचा खडा, किंवा फुगलेल्या लसिका ऊती, पोकळीत अडसर होतात. त्याच्या पुढच्या, टोकाकडच्या भागात स्राव साचून दाब वाढतो, आधी शिरा दबतात, अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतले जंतू भिंतीत शिरतात. त्यामुळे बूड अगदी स्वच्छ आणि टोक पुवाने भरलेले, असे नेहमी दिसते. फक्त बुडाचा बिट घेतला तर 'नॉर्मल' असा रिपोर्ट जाईल आणि तो चुकीचा असेल.

खडा सापडला तर नोंद करून बाजूला काढा. तो ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात, गेला तर ब्लेडची धार जाते आणि सगळ्या सेक्शनवर उभे ओरखडे येतात. छिद्र असेल तर त्याच्या कडेतून जाणारा बिट वेगळा घ्या.

बाहेरून आणि कापून अपेंडिक्स अगदी निरोगी दिसले तर तीन बिटांवर थांबू नका, सगळे ब्लॉक करा. सर्जनने काहीतरी वाटल्याशिवाय पोट उघडलेले नसते. टोकाला फॉर्मॅलिननंतर पिवळसर, घट्ट गाठ दिसली, किंवा पोकळी फुगून आत जेलीसारखा श्लेष्म भरलेला दिसला, तरीही सगळे ब्लॉक करायचे. ही दोन दृश्ये ट्यूमरची असू शकतात.

ब्लॉक, सेक्शन, रंग

हे काम टेक्निशियनचे म्हणून सोडून देऊ नका. काचेवर जे चुकते त्याचे मूळ इथे सापडते.

प्रोसेसिंगमध्ये चढत्या क्रमाचे अल्कोहोल, मग झायलीन, मग ५८ ते ६० अंशाला वितळणारे मेण. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत शेवटच्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये बाष्प शिरते. झायलीन दुधासारखे गढूळ झाले की समजावे, पाणी पुढे सरकले आहे. ती बॅच मागे नेऊन अल्कोहोल बदला, तशीच मेणात ढकलू नका. अल्कोहोलच्या जारच्या तळाशी निर्जल कॉपर सल्फेट फिल्टर पेपरखाली ठेवण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. पांढरी पूड निळी झाली की अल्कोहोल बदलायचे.

सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे हवेत. इथे हट्ट धरा. सहा-सात मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये न्युट्रोफिलच्या केंद्रकाचे तुकडे एकमेकांवर पडून एकच काळा गोळा दिसतो, आणि लिम्फोसाइटपासून तो वेगळा काढता येत नाही. ज्या पेशीवर निदान ठरते तीच ओळखता येत नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. फ्लोटेशन बाथ मेणाच्या वितळणबिंदूपेक्षा दहा अंश कमी ठेवा. जास्त गरम पाण्यात स्नायूचे थर फाकतात आणि एडिमा (ऊतीत द्रव साचून आलेली सूज) असल्याचा भास होतो.

रंगासाठी हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. डिपॅराफिनायझेशन आणि उतरत्या अल्कोहोलनंतर हॅरिस हेमॅटॉक्सिलिन ५ ते ८ मिनिटे, धुणे, १ टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये दोन-तीन बुचकळ्या, वाहत्या नळाच्या पाण्यात दहा मिनिटे निळे होऊ देणे, मग १ टक्का इओसिन एक ते दोन मिनिटे, पुढे अल्कोहोल, झायलीन आणि कव्हरस्लिप चिकटवायला डीपीएक्स. नळाचे पाणी किंचित अल्कधर्मी असते म्हणून केंद्रके निळी होतात. आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरले तर ती तांबूस राहतात. तसे झाल्यास पाण्यात अमोनियाचे काही थेंब घालून स्लाइड बुचकळा.

रंग जमला का हे बघायला आधी तांबड्या पेशी, स्नायू आणि कोलॅजन शोधा. तिन्हींच्या गुलाबी छटा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. सगळे एकाच लालीत बुडाले असेल तर इओसिनोफिल तुमच्या नजरेतून सुटतील.

आधी निरोगी अपेंडिक्स डोळ्यात बसवा

४एक्सवर स्लाइड पूर्ण फिरवा आणि थर मोजा. आतून बाहेर: पोकळी, अस्तर आणि क्रिप्ट (अस्तराच्या नळीसारख्या ग्रंथी), लॅमिना प्रोप्रिया, मस्क्युलॅरिस म्युकोसी, सबम्युकोसा, स्नायूचे दोन थर, सबसेरोसा, सेरोसा (सर्वात बाहेरचे आवरण). मस्क्युलॅरिस म्युकोसी इथे विरळ आणि जागोजागी तुटक असते, कारण लसिका गाठी तिला छेदून सबम्युकोसात उतरतात. ती तुटलेली दिसली म्हणून काही बिघडले असे नाही. क्रिप्टही मोठ्या आतड्यासारख्या शिस्तीत उभ्या नसतात.

लहान मुलांत आणि तरुणांत लसिका गाठींचे जवळजवळ पूर्ण कडे असते. म्हाताऱ्या माणसात त्या कमी होतात आणि टोकाकडची पोकळी बऱ्याचदा तंतुमय ऊतीने, चरबीने आणि मज्जातंतूंच्या धाग्यांनी बुजलेली दिसते. याला फायब्रस ऑब्लिटरेशन म्हणतात. हा तीव्र दाह नव्हे.

आडव्या कापात आतला वर्तुळाकार स्नायू लांबट दिसतो, त्याची केंद्रके चिरुटासारखी. बाहेरचा उभा स्नायू आडवा कापला गेल्याने ठिपक्या-ठिपक्यांचा दिसतो. त्या दोघांच्या मध्ये मज्जातंतूंची जाळी आणि मोठ्या गँग्लिऑन पेशी. निरोगी अपेंडिक्सच्या दहा-बारा स्लाइड एकापाठोपाठ एक बघून काढा, मगच आजारी स्लाइडकडे वळा. ज्याला निरोगी स्नायूथर रिकामा कसा दिसतो हे ठाऊक नाही, त्याला भरलेला ओळखता येत नाही.

स्नायूथर

आता १०एक्सवर या आणि स्नायूथर धरून, घड्याळाच्या काट्यासारखे, पूर्ण वर्तुळ फिरा. पोकळीकडे बघण्याचा मोह टाळा. तिथे पू असला की नजर तिथेच अडकते आणि निर्णय घाईत होतो. स्नायूच्या पट्ट्या एकमेकींपासून दूर गेल्यात का, मधल्या फटीत फिकट गुलाबी द्रव आहे का, आणि त्या फटींत गडद ठिपके विखुरलेत का, हे बघा. असे दिसले तर तिथेच थांबून ४०एक्स लावा.

न्युट्रोफिलची ओळख पक्की करा. केंद्रकाचे दोन ते पाच तुकडे, सेक्शनमध्ये बहुधा तीन-चार काळे ठिपके चिकटून बसल्यासारखे, सायटोप्लाझम फिकट. शेजारची तांबडी पेशी ही तुमची मोजपट्टी: ती सुमारे ७ मायक्रॉनची, न्युट्रोफिल तिच्या दीडपटीच्या आसपास. स्नायूत ते एकामागोमाग एक ओळीने सरकताना दिसतात, दोन तंतूंच्या फटीत चेपून लांबटही होतात. इओसिनोफिलला बहुधा दोनच तुकडे आणि विटकरी-लाल दाणे असतात. लिम्फोसाइटचे केंद्रक गोल, भरीव, सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच.

दोन अटी पाळा. पहिली, पेशी रक्तवाहिनीच्या बाहेर हवी. दाह असो-नसो, केशवाहिनीत न्युट्रोफिल असणारच. आधी भोवतीचे एंडोथेलियम, म्हणजे वाहिनीचे आतले अस्तर, शोधा. दुसरी, एकाच ठिकाणी सापडलेल्या एका पेशीवर निदान करू नका. यासाठी अमुक इतक्या पेशी असा आकडा नाही, पण खऱ्या तीव्र दाहात त्या अनेक फील्डमध्ये मिळतात आणि सोबत एडिमा, फुगलेल्या वाहिन्या, बहुधा अस्तराचा व्रणही असतो. या साथीदारांशिवाय एकट्या पेशीवर शंका घ्या आणि आणखी तीन लेव्हल (त्याच ब्लॉकमधले खोलवरचे सेक्शन) कापून मागा.

किती पुढे गेले आहे

आजाराच्या पायऱ्या एका स्लाइडवर शेजारीशेजारी दिसू शकतात. रिपोर्टमध्ये सर्वात पुढची पायरी लिहायची.

फक्त पोकळीत न्युट्रोफिल असतील आणि भिंत स्वच्छ असेल तर ते तीव्र अपेंडिसायटिस नव्हे. शेजारच्या आतड्याच्या संसर्गातला पूही तिथे येऊ शकतो.

न्युट्रोफिल अस्तरात आणि क्रिप्टच्या भिंतीत शिरले, क्रिप्टच्या पोकळीत पू साचला, वरचे अस्तर थोडे झडले, पण स्नायू मोकळा आहे: ही सुरुवात असू शकते किंवा साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांच्या आतड्याच्या दाहाचा भाग असू शकतो. इथे नवख्याने सर्वात जास्त काम करायला हवे. उरलेले सगळे अपेंडिक्स ब्लॉक करा, लेव्हल घ्या. दोन मिलिमीटर पुढे स्नायू भरलेला सापडतो, हे पुष्कळदा घडते. नाहीच सापडला तर 'दाह श्लेष्मल त्वचेपुरता मर्यादित' असे स्पष्ट लिहा आणि रुग्णाच्या लक्षणांशी ताडून बघायला सांगा.

स्नायू भरला की सपुरेटिव्ह, म्हणजे पुवाचा, अपेंडिसायटिस. भिंतीत छोटे गळू, व्रणाच्या तळाशी फायब्रिन (रक्तातले गोठलेले प्रथिन) आणि पू, सेरोसावर फायब्रिनचा गुलाबी थर आणि त्यात न्युट्रोफिल. त्या थराला पेरिअपेंडिसायटिस म्हणून वेगळे नोंदवा. सर्जनला पोटातला दाह किती पसरला ते त्यातून कळते.

गँगरीन म्हणजे भिंत मेलेली. स्नायूच्या पट्ट्यांची बाह्यरेषा दिसते पण केंद्रके नाहीत, मधून रक्तस्राव, वाहिन्यांत गुठळ्या. अपेंडिक्युलर धमनी ही एंड आर्टरी आहे, तिला पर्यायी वाट नाही. ती बंद पडली की पुढचा भाग मरतो. मेलेली भिंत शोधताना कमी पॉवरच बरी. ४एक्सवर निळेपणा गेलेली, सपाट गुलाबी जागा लगेच डोळ्यात भरते, ४०एक्सवर तेच दृश्य गोंधळात टाकते.

छिद्राच्या कडा बघा. आजाराने पडलेल्या छिद्राच्या कडा मेलेल्या, पुवाने भरलेल्या, आणि बाहेर सेरोसावर फायब्रिन. कात्रीने किंवा ग्रॉसिंग टेबलावर फाटले असेल तर कडा स्वच्छ, पेशी जागच्या जागी.

दोन दिवस उलटले किंवा अँटिबायोटिक पोटात गेले की चित्र बदलते: न्युट्रोफिल कमी, मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी), लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी आणि इओसिनोफिल जास्त, नव्या केशवाहिन्यांची ग्रॅन्युलेशन ऊती. याला 'नॉर्मल' म्हणणे रुग्णावर अन्याय आहे. तो ओसरत असलेला तीव्र दाह आहे, तसेच लिहा. गाठ झाली म्हणून आधी औषधाने शांत करून सहा-आठ आठवड्यांनी काढलेल्या अपेंडिक्समध्ये फेसाळ मॅक्रोफेज, हिमोसिडरिन, फायब्रोसिस आणि ग्रॅन्युलोमाही (मॅक्रोफेजचे घट्ट पुंजके) सापडतात. फॉर्मवरचा औषधोपचाराचा रकाना महत्त्वाचा तो यासाठी.

फसण्याच्या जागा

मुलांच्या लसिका गाठींच्या मधल्या फिकट भागात मॅक्रोफेजनी गिळलेल्या मेलेल्या पेशींचे काळे तुकडे असतात. ते न्युट्रोफिलच्या तुकड्यांसारखेच दिसतात. जागा बघा: तुकडे एका मोठ्या फिकट पेशीच्या पोटात आहेत आणि भोवती लसिका गाठ आहे, म्हणजे ते निरोगी आहे.

चिमट्याने चेपलेल्या लिम्फोसाइटची केंद्रके निळ्या रेघोट्यांसारखी ओढली जातात. त्या जागेवरून काहीही ठरवू नका, पुढे सरका.

फक्त सेरोसावर न्युट्रोफिल आणि आतले सगळे निरोगी असेल तर प्रश्न अपेंडिक्सचा नाही, शेजाऱ्याचा आहे. स्त्री रुग्णात गर्भनलिकेचा दाह, इतरांत मेकेलचे किंवा मोठ्या आतड्याचे डायव्हर्टिक्युलम, फुटलेला अल्सर. लगेच सर्जनला कळवा, कारण दुखण्याचे मूळ अजून पोटातच आहे. ऑपरेशन लांबले आणि अपेंडिक्स बराच वेळ हाताळले गेले तरी सेरोसाखाली थोडे न्युट्रोफिल जमतात. ते तुरळक असतात, वाहिन्यांजवळ असतात आणि फायब्रिन नसते.

अस्तर नाहीसे झाले आहे पण तळाशी फायब्रिन नाही, न्युट्रोफिल नाहीत, आणि सुटलेल्या पेशी पोकळीत अख्ख्याच्या अख्ख्या पडल्यात: तो व्रण नाही, उशिरा झालेले फिक्सेशन आहे.

आणि एक साधी गोष्ट. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्हवर बुरशी चढते आणि चित्र धुरकट होते. सेक्शनला दोष देण्याआधी लेन्स बघा. मायक्रोस्कोप झाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

दाहाच्या मागे लपलेले

पू सापडला की शोध थांबवण्याची सवय लागते. ती पहिल्या महिन्यातच मोडा. प्रत्येक अपेंडिक्समध्ये पुढच्या गोष्टी मुद्दाम शोधायच्या.

पोकळीत जंत: एंटेरोबियसच्या आडव्या कापात शरीराच्या दोन विरुद्ध बाजूंना टोकदार काटे दिसतात. ही खूण एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. अंडी ५० ते ६० मायक्रॉन लांब, एक बाजू चपटी. बहुतेकदा भोवती दाह नसतोच, तरीही रिपोर्टमध्ये लिहा. घरच्या सगळ्यांना औषध द्यावे लागते.

ग्रॅन्युलोमा: आपल्याकडे आधी क्षयाचा विचार. मधे चीजसारखे मृत द्रव्य, भोवती एपिथेलिऑइड पेशी, घोड्याच्या नालासारख्या केंद्रकांच्या लँगहॅन्स पेशी. झील-नील्सन स्टेन करा, सोबत पॉझिटिव्ह कंट्रोलची स्लाइड ठेवा आणि ऑइल इमर्शनवर शांतपणे शोधा. जंतू दिसले नाहीत म्हणून क्षय नाही असे होत नाही. मृत द्रव्य नसलेल्या ग्रॅन्युलोमात यर्सिनिया, क्रोन आणि वर सांगितलेला औषधोपचारानंतरचा प्रकार लक्षात घ्या.

व्रणाच्या कडेला गोल, फेसाळ, पोटात तांबड्या पेशी गिळलेल्या मोठ्या पेशी दिसल्या तर अमीबा. पीएएस स्टेनने त्या गडद किरमिजी होतात.

टोकाला एकसारख्या पेशींची छोटी घरटी, केंद्रके मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखी: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. दाहाच्या गर्दीत तो सहज सुटतो, कारण बहुतेक वेळा एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. आकार, मेसोअपेंडिक्समध्ये शिरकाव आणि मार्जिन या तीन गोष्टी लिहाव्याच लागतात. पुढे मोठी शस्त्रक्रिया हवी की नको ते यांवर ठरते, आणि दोन सेंटिमीटर ही त्यातली महत्त्वाची सीमा आहे. क्रिप्ट आणि लसिका गाठी नाहीशा होऊन त्यांच्या जागी श्लेष्म भरलेल्या उंच पेशींचे अस्तर आले असेल तर म्युसिनस निओप्लाझमचा विचार करा आणि मार्जिन नीट तपासा. चाळिशीपुढच्या रुग्णात बुडाचा मार्जिन डोळ्यात तेल घालून बघा: सीकमचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, कॅन्सर अपेंडिक्सचे तोंड बंद करून नेमक्या याच रूपाने पुढे येऊ शकतो.

रिपोर्ट

सर्जनला पाच ओळी पुरतात, पण त्या नेमक्या हव्यात. ग्रॉसची मापे आणि छिद्राची जागा. व्रण, स्नायूथरातले न्युट्रोफिल, मृत भिंत आणि सेरोसाची स्थिती. खडा किंवा जंत. ग्रॅन्युलोमा आणि ट्यूमर आहे किंवा नाही, हे 'नाही' असले तरी लिहा. ते वाक्य लिहायचे म्हणून तरी तुम्ही शोधाल. आणि मार्जिनवर दाह आहे की तो स्वच्छ आहे.

निदानाची ओळ साधारण अशी: 'ॲक्यूट सपुरेटिव्ह अपेंडिसायटिस विथ पेरिअपेंडिसायटिस, नो परफोरेशन, रिसेक्शन मार्जिन फ्री ऑफ ॲक्यूट इन्फ्लमेशन.' 'सब-ॲक्यूट', 'रिकरंट', 'कॅटॅरल' हे शब्द सोयीचे म्हणून वापरू नका. काचेवर जे दिसले ते लिहा, आणि जे दिसले नाही त्याला गोल शब्दांत गुंडाळू नका. अपेंडिक्स निरोगी असेल तर तसेच लिहा. मग सर्जन दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधायला लागतो.

क्षय, ट्यूमर, अमीबा किंवा सेरोसापुरता दाह यांपैकी काही सापडले तर छापील कागद पोचण्याची वाट बघू नका. चंदगड किंवा गगनबावड्याचा रुग्ण टाके काढायला एकदाच येतो. त्या दिवसाआधी सर्जनला फोन करा, आणि फोन कधी, कुणाला केला ते रजिस्टरमध्ये नोंदवा.